मुका पट्टा

बँडमध्ये पितळी कॉर्नेट वाजवणाऱ्या माणसाच्या वरच्या ओठावर एक खूण असते. नाकाच्या बरोबर खाली, अर्धवट गोल, जुन्या नाण्याच्या कडेसारखी. सुरुवातीच्या वर्षांत ती लाल उमटते आणि वाजवून झालं की थोड्या वेळात जाते. पुढे ती जात नाही. तिथली कातडी जरा घट्ट होते, रंग आजूबाजूपेक्षा उतरलेला राहतो आणि दाढी केलेल्या दिवशी उन्हात खूण नीट दिसते. नमिताच्या वडिलांना ती होती. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून ती त्या खुणेवरून बोट फिरवायची आणि ते मुद्दाम ओठ हलवून तिला चकवायचे.

आज दुपारी त्यांच्या धाकट्या भावाच्या, महादूकाकांच्या ओठावर ती जवळजवळ नव्हती.

"थोडं वर, काका. खिडकीकडे बघा."

वरच्या चार दातांची ही कवळी नमितानेच बनवली होती, मुलुंडच्या दंतलॅबमध्ये, दीड वर्षापूर्वी. आज ती हिरडीला टोचत होती, आणि संध्याकाळी काकांच्या मुलाच्या, कृणालच्या हळदीची मिरवणूक निघायची होती. नमिताने कवळी हातात घेतली, टोचणारी कड बारीक कानशीने घासली, पाण्यात धुतली. मग सवयीने उजेडात फिरवून पाहिली. पुढच्या बाजूला कसलाही चरा नव्हता. कॉर्नेटच्या पितळी तोंडाचा दाब जिथे पडतो तिथे प्लॅस्टिक चकचकीत होतं, लॅबमधून निघालं तेव्हा होतं तसंच.

"झालं?" काकांनी विचारलं. दात नसल्यामुळे त्या शब्दातली अर्धी हवा बाहेरच गेली.

"झालं. लावा."

कवळी दिली त्याच दिवशी ती त्यांना म्हणाली होती, काका, ही निघणारी कवळी आहे, हिच्यावर कॉर्नेट दाबता येणार नाही. काका 'बघू' म्हणाले होते. त्यानंतर लग्नसराई आली, गेली, दुसरी आली. बँड वाजत राहिला आणि वरचे सूर पूर्वीपेक्षा स्वच्छ लागत राहिले. पुढे महादू मास्तर, ओठांना कॉर्नेट, गाल फुगलेले. त्यांच्या पाठीला चिकटल्यासारखा मागे वाकोल्याचा प्रबुद्ध. बघणाऱ्याला दोन कॉर्नेट दिसत होते. ऐकू एकच येत होता.

"दाताचं आवरलं असेल तर बाहेर या," दारातून जानकीकाकी म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते. "रोशनीकडची माणसं आलीत. आणि तो निमेश डोकं खातोय माझं."

निमेश तिच्या मागेच होता. नवरीचा भाऊ, चेंबूरकडच्या कोळीवाड्यातला, अंगात पांढरा कुर्ता आणि हातात ड्रोनचं खोकं. त्याच्याबरोबर कृणालही आत आला, अजून हळद न लागलेला, पण तोंड मात्र आतापासूनच उतरलेलं.

"काका, मी स्पष्ट बोलतो हां, राग मानू नका," निमेश म्हणाला. "मिरवणूक झकास निघणार, ड्रोन वर, सगळ्या बाया नाचतायत, आणि मधेच बँड गप? माझी आजी म्हणते, हळदीचा सूर तुटला तर अपशकुन. आमच्यात नाय असलं काय."

"अरे, तो मोठ्या आईच्या दारापुढचा पट्टा आहे," कृणाल म्हणाला. "सगळ्यांच्याच लग्नात बंद होतो तिथे."

"सगळ्यांच्या लग्नात माझी बहीण नव्हती ना."

या कोळीवाड्यात ज्या घरी मयत होतं त्या घराच्या दारावरून बँड मुका जातो. पावलं चुकू नयेत म्हणून साइड ड्रमच्या कडेवर तेवढं टक् टक् चालतं. वर्ष सरलं की एखाद्या मिरवणुकीला त्या घरची बाई हळदीची वाटी घेऊन आपण होऊन उंबऱ्यावर येते आणि मोठ्या ढोलाच्या कातड्यावर पाच बोटं उमटवते. मग म्हणायचं, सूर उघडला. यात नियम एकच, पण तो कडक: तिला कुणी विचारायचं नाही. मागून घेतलेला सूर उघडला असं धरत नाहीत, वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

नमिताचे वडील, धोंडिराम मास्तर, गेले त्याला अकरा वर्षं झाली होती. तिची आई, अंजनाबाई, उंबऱ्यावर आल्या नव्हत्या. दोन वर्षं लोक हळहळले, चार वर्षं कुजबुजले, मग सवय झाली. पोरं त्या जागेला मुका पट्टा म्हणू लागली. गॅसच्या सिलिंडरवाल्याला सुद्धा 'मुक्या पट्ट्याच्या पलीकडे, निळं दार' असा पत्ता सांगत.

"मग मागच्या गल्लीतून न्या ना," निमेश म्हणाला.

"मागच्या गल्लीतनं मयत नेतात," जानकीकाकी म्हणाली. "तिथनं नेऊ तुझ्या भावोजींना?"

"ओके. मग डीजे. तेवढ्यापुरता. माझा मित्र विकी टेम्पो घेऊन नाक्यावर उभाच आहे. बँड थांबला की तो लावेल. सूर तुटणार नाय, तुमची पद्धतही राहील. दोन्ही बाजू खूश."

महादूकाकांनी जीभ कवळीवरून फिरवली. "माझ्या बँडच्या तोंडावर टेम्पो?"

"तोंडावर नाही, पप्पा. तेवढा पट्टा फक्त," कृणाल म्हणाला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो खिडकीबाहेर बघू लागला, पण बोलायचा थांबला नाही. "वाईट काय त्यात? मला पण ती टक् टक् नको वाटते. लहानपणापासून नको वाटते. हळदीत मयताची आठवण कशाला?"

"मयताची नाय रे ती," काका म्हणाले, आणि कशाची ते त्यांनी सांगितलं नाही.

जानकीकाकीने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि शेवटी नमिताकडे. या घरात एखादी गोष्ट अडली की नजरा अशाच फिरत फिरत तिच्यावर येऊन थांबत. सकाळपर्यंत काकी डीजेच्या नावाने बोटं मोडत होती. आता तिची बाजू सरकली होती, ती टेम्पोकडे नव्हे, तर निळ्या दाराकडे.

"नमू, तुझी आय हाय. तू बोल."

"काकी, विचारायचं नसतं."

"मग इचारू नको. वाटी नेऊन ठेव समोर. कळेल तिला."

"वाटी ठेवणं म्हणजे विचारणंच झालं."

"तू दवाखान्यातली, तुला सगलं नीट मोजून लागतं." काकीने ओट्यावरची पितळी वाटी उचलली, हळदीने काठोकाठ भरली. "मीच जाते. माझ्या पोराची हळद हाय, मना कसली लाज."

"जानकी, नको," महादूकाका म्हणाले. पण ते उठले नाहीत, आणि हे 'नको' नमिताला काकांच्या गेल्या दीड वर्षातल्या कॉर्नेटसारखं वाटलं. तोंड हललं होतं, आवाज नव्हता.

*

अंजनाबाई तयार होऊन बसल्या होत्या. नवं अंजिरी लुगडं, गळ्यात सोन्याची चेन, पायाशी पुतण्यासाठी आणलेला आहेर. अंधेरीच्या बाजारात त्यांनी आज मासळीची पाटी लावली नव्हती, तरी सकाळी उठून बंदरावर जाऊन आल्या होत्या, कारण गेल्याशिवाय त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. जावेच्या हातातली वाटी त्यांनी पाहिली आणि खुर्ची पुढे केली.

"बस गो. आज तुला बसायला येल कुटं असेल म्हना."

जानकीकाकी बसली नाही. वाटी तिने दोघींच्या मधे लादीवर ठेवली. "वयनी, कृणाल तुमच्या मांडीवर वाढला. आज तरी."

"आज तरी काय?"

"ते तुमाला ठाऊक हाय."

"तुझ्या तोंडानं बोल ना."

दारात उभ्या असलेल्या नमिताने मान हलवून काकीला थांबवायचा प्रयत्न केला. काकीला ते दिसलं, पण ती बाहेरची गर्दी, तो पांढरा कुर्ता, नाक्यावरचा टेम्पो हे सगळं डोक्यात घेऊन आली होती. "सूर उघडा," ती म्हणाली. "मागते मी. घ्या, मागितलं!"

अंजनाबाई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. वजनाला टाकलेल्या मासळीचा काटा थांबायची वाट बघावी तशा.

"अकरा वर्सं कोनी इचारलं नाय," त्या म्हणाल्या. "आज तू इचारलंस. ने ती वाटी."

"तुमचंच दुख तेवढं मोठं!" काकीचा आवाज फाटला. "माझा सासरा गेला, सासू गेली. दोन्ही वेलंला वर्साच्या वर्साला मी उंबऱ्यावर आले, रडत आले, पन आले. तुमी एका मानसासाठी अख्ख्या गावाचा सूर धरून बसलाव!"

"दुखासाठी?" अंजनाबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "दुखासाठी कोन अकरा वर्सं मुकं ठेवतं? मी येडी का? जा गो बाय, तुझ्या दारात पावने हायत. इचार तुझ्या नवऱ्याला, कशासाठी ते. त्याला इचारायला कसलीच बंदी नाय."

काकी वाटी न घेताच गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. नमिता आत आली, लादीवर सांडलेली हळद बोटाने गोळा करत बसली.

"कशासाठी, आय?"

"तू पन इचारतेस?"

"मी सूर मागत नाही. कारण विचारतेय."

अंजनाबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. धोंडिराम मास्तर, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डाव्या हातात तोच कॉर्नेट. फोटोत त्यांच्या उजव्या बाजूला अर्धा माणूस होता. फ्रेम बसवताना तो कापला गेला होता. लाल बाही आणि एक कान.

"तो कान कोनाचा, सांग."

"शिवदासकाकांचा. वाकोल्याच्या."

"हां. बँड कोनी आनला ते तुला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर किनाऱ्यावरची गोऱ्यांची छावणी उठली आणि नमिताच्या आजोबांनी तिथून सुक्या बोंबलांच्या बदल्यात एक कॉर्नेट आणि एक मोठा ढोल आणला. घरी आणल्यावर कळलं की त्यात फुंकलं तर रेडा ओरडल्यासारखा आवाज येतो. छावणीच्या बँडखोलीत झाडलोट करणारा एक तरुण होता, शिवदासचा बाप. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दाराआडून ऐकून ऐकून त्याने सगळं उचललं होतं. आजोबा वाकोल्याला गेले, त्याला हाताला धरून घेऊन आले. कोळीवाड्याच्या बँडचा पहिला सूर त्याने लावला. ही गोष्ट प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी हसत सांगे, रेड्यासकट. ढोलावर नाव मात्र आजोबांचं होतं, आणि गावदेवीच्या पायरीवर बँड चढला की वाकोल्याची माणसं खाली थांबत. तेवढं कुणी गोष्टीत सांगत नसे.

"तुझा बाप इस्पितळात होता," अंजनाबाई म्हणाल्या. "शेवटचे दिवस. तू बाहेर औषधं आनायला गेलतीस. खोलीत मी आनि म्हादू. तो म्हादूला बोलला, कॉर्नेट शिवदासला दे. मास्तर तो. त्याला पायरीवर ने. म्हादू काय बोलला? हो बोलला. डोल्यात पानी आनून हो बोलला. मग बाराव्याला सगले नातेवाईक बसले. बोलले, देवीपुढं घरचा मास्तर पायजे. घरचा म्हंजे काय ते सगल्यांना कलतं. म्हादू गप. कॉर्नेट त्याच्या हातात दिला, त्यानं घेतला."

"तू का नाही बोललीस?"

"मी बोलले असते तर मी दिला असता, त्यानं नाय. शब्द त्याचा होता. मी वाट बगितली. पयलं वर्स, दुसरं वर्स. शिवदास पन बगत होता, त्याच्या मागं उभा राहून." त्यांनी आवाज खाली आणला. "दोन सालांमागं शिवदास गेला. मग मागं त्याचं पोर उभं राहिलं. आनि आता तर वाजवतंय पन तेच."

नमिताचं बोट लादीवर थांबलं. "तुला माहीत आहे?"

"तू दात बनवलेस म्हनून तुला कललं. मना कान हायत. वरच्या सुरावर चढायच्या आधी एक श्वास थांबतं ते पोर, बापासारखा. तुझ्या बापानं त्या थांबन्यावरनं शिवदासला किती शिव्या घातल्या असतील! आनि घरी येऊन मना बोलायचा, अंजना, ते थांबनं मना जमत नाय गो."

*

बंदरावर बँडची माणसं लाल कोट चढवून बसली होती. वाळत घातलेल्या जाळ्यांच्या सावलीत मोठा ढोल वाजवणारा राजेश चहा पीत होता. प्रबुद्ध एकटा बाजूला, कॉर्नेटच्या तिन्ही कळांना तेल सोडत होता. दिवसा तो मेट्रोच्या सिग्नल विभागात काम करायचा, आणि कळ वर येताना तो जसा कान लावून ऐकत होता त्यावरून ते लक्षात यायचं. नमिता आधी त्याच्या ओठाकडे बघायला गेली आणि स्वतःवरच चिडली. खूण होती. ताजी, तांबूस.

"जय भीम, ताई. कवळी बसली मास्तरांची?"

"बसली."

"छान. आज शेवटचीच आहे."

"म्हणजे?"

"मी सांगितलंय त्यांना. पाडव्यालाच सांगितलं. कृणालची हळद वाजवतो, पुढे नाही." त्याने कळ दाबली, सोडली. "घाबरू नका, भांडून नाही जात. माझी बायको दर्शना विचारते रोज, दुसऱ्याच्या गालात किती दिवस हवा भरणार? तिला उत्तर देता येत नाही मला."

नमिताला हसू आलं, आणि लगेच विरलं. "राग आहे तुझा?"

"राग बाबांना यायला हवा होता. ते म्हणायचे, मास्तर आज बोलेल, उद्या बोलेल. मरेपर्यंत. मला राग नाही, कंटाळा आहे." तो उभा राहिला, कोटाची बटणं लावू लागला. "आणि आता कोणी मेहेरबानी म्हणून पुढे बोलावलं तर मी यायचो नाही, हेही सांगून ठेवतो. देवळातही हात जोडणार नाही. वाजवीन मात्र सगळीकडे सारखंच, पायरीवर काय आणि पायरीखाली काय."

"काका काय म्हणाले, तू सोडतो म्हणालास तेव्हा?"

"'बघू' म्हणाले."

*

हळद निघाली तेव्हा ऊन गल्लीच्या भिंतींवर चढलं होतं. पुढे महादू मास्तर, मागे प्रबुद्ध, मग क्लॅरिनेट, साइड, राजेशचा ढोल, आणि त्यामागे पिवळाधमक कृणाल, बाया, पोरं, निमेश मान वर करून ड्रोन सांभाळत. जानकीकाकी सगळ्यांत नाचत होती. पण मधूनच थांबून नवऱ्याच्या पाठीकडे बघायची. तिने त्यांना विचारलं असावं. काय उत्तर मिळालं ते तिच्या चेहऱ्यावर होतं, कारण तिने ड्रोनकडे एकदाही पाहिलं नाही.

नमिता कडेने चालत होती. बँड मासळीबाजारावरून गेला, विहिरीपाशी थांबला, पुन्हा निघाला. नाक्यावर विकीचा टेम्पो उभा होता, स्पीकरांचे चार काळे चौकोन गल्लीकडे तोंड करून. निमेशने त्याला अंगठा दाखवला. कृणालने ते पाहिलं आणि मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

वळण आलं. महादूकाकांनी हात वर केला.

सूर थांबले. नाचणारे पाय पहिल्यांदा अडखळले आणि मग त्या टक् टक् ला जुळले. गावातली माणसं या शांततेत कशी चालायची हे जाणून होती, पाहुणे एकमेकांकडे बघत होते. ड्रोनची घरघर एकदम मोठी वाटू लागली. नाक्यावर टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

निळ्या दारात अंजनाबाई उभ्या होत्या. हातात पितळी वाटी.

आधी एका बाईला दिसलं, मग सगळ्यांना. "आयली! अंजनाबाय आयली!" टक् टक् बंद झालं. राजेशने पट्टा सैल करून ढोलाचं कातडं उंबऱ्याकडे वळवलं. निमेशने नाक्याकडे हात उंचावून विकीला थांबवलं. कृणाल गर्दीतून वाट काढत पुढे आला, "मोठी आई!" आणि तिच्या पायाशी वाकला.

अंजनाबाईंनी त्याच्या पिवळ्या केसांवर हात ठेवला. पण वाटीत बोटं बुडवली नाहीत.

"भावजी," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू, की मागच्यांना शांत व्हावं लागलं. "मागितलं म्हनून नाय, माझी मी आले. माझं दार उघडं हाय. पयला सूर मास्तरानं लावायचा असतो. लावा. एकट्यानं."

महादूकाकांनी कॉर्नेट ओठांपाशी नेला. नमिताला त्यांचा जबडा दिसत होता. कवळीवर जीभ दाबून धरल्याची ती फुगीर कड तिला दिसत होती. ती मनात म्हणाली, निसटेल. काकांनी छाती भरली. आणि त्यांच्या पाठीमागे, केवळ सवयीने, प्रबुद्धनेही कॉर्नेट उचलला, ओठांना लावला आणि एक श्वास थांबला.

अंजनाबाईंनी ते पाहिलं. महादूकाकांनी पाहिलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. दीड वर्ष ते त्याच श्वासावर गाल फुगवत आले होते.

त्यांनी कॉर्नेट खाली घेतला. प्रबुद्धनेही घेतला.

"पप्पा?" कृणाल म्हणाला.

काकांनी दोन बोटं तोंडात घातली, कवळी काढली आणि नमिताकडे धरली. सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, वर घरघरणाऱ्या ड्रोनखाली. नमिताने पुढे होऊन ती तळहातावर घेतली. ओली, कोमट, एकही चरा नसलेली. मागून कुणी पोर फिदकन हसलं आणि त्याला एक चापट बसल्याचा आवाज आला. जानकीकाकीने पदर तोंडाला लावला, पण ती नजर खाली घालून उभी राहिली नाही. ती चालत येऊन नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली.

"महादू, काय चाललंय?" मागून एक म्हातारा आवाज आला, काकांच्या मावसभावाचा. "पुढं देवीची पायरी हाय. तिथं घरचा मास्तर…"

"बस करा ओ," जानकीकाकी मागे न बघता म्हणाली. "त्यांना बोलू द्या एकदाचं."

महादूकाका वळले. अकरा वर्षांत बँडकडे तोंड करून उभे राहिलेले नमिताने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी कॉर्नेट दोन्ही हातांनी पुढे धरला. हा थोरल्या भावाचा, त्याआधी वडिलांचा, आणि सगळ्यांच्या आधी छावणीच्या बँडखोलीतला. प्रबुद्धने हात पुढे केला नाही. त्याचे हात स्वतःच्या कॉर्नेटवर घट्ट होते.

"मेहेरबानी नाय ही," काका म्हणाले. दातांशिवाय शब्द विरघळत होते, म्हणून ते एकेक शब्द सोडवून बोलत होते. "हा शिवदासचा. धोंडूदादानं त्याला दिलता. माझ्या हातात दिला, पोचवायला. मी पोचवला नाय."

अंजनाबाईंची पाचही बोटं वाटीत गेली.

प्रबुद्धने आपला कॉर्नेट बाजूच्या क्लॅरिनेटवाल्याच्या काखेत दिला आणि रिकामे हात खाली सोडून उभा राहिला. "पूर्ण बोला, मास्तर," तो म्हणाला. "बाबांनी हे ऐकलं नाही. मला नीट ऐकायचंय."

महादूकाकांनी ओठ मिटले, उघडले. मग गल्लीच्या टोकाला, टेम्पोपर्यंत पोचेल अशा आवाजात ते म्हणाले, "आजपासून या बँडचा मास्तर प्रबुद्ध शिवदास. तो पुढं, मी मागं. देवीच्या पायरीवर सुद्धा."